सदोष अवजार कोणी परत करायचे?

२०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यात महाराष्ट्रातील बालविकास प्रकल्प कार्यालयांत एक अनोखे दृश्य दिसले. सरकारने दोन वर्षांपूर्वी कामासाठी दिलेले मोबाईल संच अंगणवाडी सेविका परत आणून देत होत्या. या आंदोलनात अंगणवाडीला टाळे ठोकलेले नव्हते आणि मानधनवाढीची मागणीही अग्रभागी नव्हती. मुलांचे काम चालू राहील, आहाराचे वाटप थांबणार नाही, मात्र हे यंत्र सरकारने परत घ्यावे, एवढीच सेविकांची भूमिका होती. हातात मिळालेली वस्तू सहजी सोडू नये असा ज्या वर्गाचा जन्मभराचा अनुभव, त्या वर्गातील स्त्रियांनी फुकट मिळालेला मोबाईल परत करावा, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. काहींनी त्याला कामचुकारपणा म्हटले, तर काहींनी तंत्रज्ञानाची भीती.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. २०२३ मध्ये सेविकांच्या संपानंतर राज्य सरकारने नवे मोबाईल देण्याचे मान्य केले. ज्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपसाठी हे संच वापरायचे होते, ते ॲप पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले. म्हणजे ज्या तक्रारींची टवाळी झाली होती, त्यातील प्रमुख तक्रारी कालांतराने शासनानेच रास्त ठरविल्या. तथापि त्या वेळी उपस्थित झालेला मूळ प्रश्न अद्याप अनुत्तरितच आहे. कामासाठी दिलेले अवजार सदोष निघाले, तर ते परत करण्याचा अधिकार कोणाचा? ते ज्याने विकत घेतले त्याचा, की ज्याला ते रोज वापरावे लागते त्याचा? १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या शिध्यासाठी लाभार्थ्याच्या चेहऱ्याची पडताळणी मोबाईलवर करणे केंद्राने सक्तीचे केले आहे. त्यामुळे हा प्रश्न आता अधिकच निकडीचा झाला आहे.

प्रथम त्या जुन्या संचांची हकीकत पाहू. राष्ट्रीय पोषण अभियानाचा प्रारंभ ८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातील झुनझुनू येथे झाला. अंगणवाडीच्या ११ नोंदवह्यांतील बहुतेक काम मोबाईलवर आणावे, असा त्या अभियानाचा एक भाग होता. त्यासाठी महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक सेविकांना २०१९ मध्ये संच देण्यात आले. त्यांची रॅम अवघी २ जीबी होती. सुरुवातीला जे सॉफ्टवेअर त्यावर चालत होते ते पुढे बंद झाले आणि १ मार्च २०२१ पासून त्याच्या जागी पोषण ट्रॅकर आला. नव्या ॲपचा भार जुन्या संचाला पेलेना. संच तापत, मध्येच थांबत, भरलेली माहिती पुसली जाई. २०२१ च्या उन्हाळ्यात हमीची मुदतही संपली. दुरुस्तीसाठी हजारांत खर्च सांगितला जाऊ लागला आणि तो बहुतेक वेळा सेविकेच्याच माथी येऊ लागला. त्या काळी सेविकेचे महिन्याचे मानधन दहा हजारांच्या आत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या खर्चाचा अर्थ कळतो. शिवाय माहिती भरावयाची ती इंग्रजीत.

मैदानात आणि डोंगरात

मुंबई-पुण्याच्या कार्यालयात बसून पाहिले तर या अडचणी किरकोळ वाटतात. त्यांचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत जावे. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग एकेकाळी साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या दोन जिल्ह्यांत मिळून महाराष्ट्राच्या भूगोलाचे जवळजवळ सगळे नमुने आढळतात. पश्चिमेला महाबळेश्वर तालुक्यातील कांदाटी खोरे आणि कोयनेच्या जलाशयाकाठची गावे. तेथे पावसाळ्यात वीज आणि रेंज या दोहोंचा भरवसा नसतो. मध्ये कराड, वाळवे, पलूस हा कृष्णाकाठचा उसाचा सधन पट्टा. पूर्वेला माण, आटपाडी, जत हे अवर्षणाचे तालुके. त्यातही जतच्या सीमेवरील अनेक गावांत घरात कानडी बोलली जाते. अशा गावातील सेविका मुलाशी कानडीत बोलते, पर्यवेक्षिकेला मराठीत अहवाल देते आणि मोबाईलवर तिने इंग्रजीत नोंद करावी अशी २०२१ मध्ये अपेक्षा होती. एकाच प्रकारचा संच आणि एकच ॲप या तिन्ही मुलखांत सारखे चालेल, हे गृहीत धरताना कोणाला काही विचारल्याचे दिसत नाही.

यातही काळाचा योग विलक्षण होता. सेविकांनी मोबाईल परत केले त्याच्या आदल्याच महिन्यात, जुलै २०२१ मध्ये, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून अनेकांचे प्राण गेले. त्याच दिवसांत कृष्णा आणि वारणा यांना महापूर आला. २०१९ च्या पुरातून सावरत असलेल्या सांगलीकरांच्या घरांत दोन वर्षांच्या आत पुन्हा पाणी शिरले. त्यात करोनाची साथ चालूच होती. पूर ओसरल्यावर गावात सर्वांत निकडीचे काम कोणते? कोणत्या घरातील मूल आठवडाभर उपाशी राहिले, कोणाचे वजन घटले, कोणत्या गरोदर स्त्रीचा आहार तुटला, हे शोधणे. ते काम करणारी गावातील एकमेव शासकीय व्यक्ती म्हणजे अंगणवाडी सेविका. त्या आठवड्यांत तिचा वेळ बंद पडलेला संच पुन्हापुन्हा चालू करण्यात जावा, याला प्रशासकीय सुधारणा म्हणणे कठीण आहे.

अंगणवाडीचे काम नेमके काय आहे, याचीही आठवण ठेवली पाहिजे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. आज सहा वर्षांखालील मुलांना, गरोदर व स्तनदा मातांना पूरक आहार मिळणे हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. साधारण बालकाला दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर तीव्र कुपोषित बालकाला ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण २०१३ मध्ये त्या कायद्यात ठरले. मूल कोणत्या वर्गात मोडते, हे त्याचे वजन आणि उंची यांच्या नोंदीवरून ठरते. म्हणजे ही नोंद केवळ आकडेवारीसाठी नसते. त्या आकड्यावर मुलाच्या ताटातील उष्मांकांचा फरक अवलंबून असतो. वजनाचा दशांश चुकला, किंवा भरलेली नोंद संचातून नाहीशी झाली, तर त्याची किंमत यंत्र मोजत नाही, सेविकाही मोजत नाही. ती ते मूल मोजते.

शासनाची बाजू

याचा अर्थ मोबाईलच नको, जुन्या नोंदवह्याच बऱ्या, असा मुळीच नाही. शासनाची बाजू ऐकून घेतली पाहिजे आणि ती दुबळी नाही. दरवर्षी हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या भागातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कराड-वाळव्याच्या फडांवर येतात. त्यांच्याबरोबर त्यांची लहान मुले येतात, परंतु त्या मुलांच्या नोंदी असलेली वही मात्र बीडच्या गावातच राहते. मुलाचे वजन ऑक्टोबरमध्ये किती होते, लसी कोणत्या झाल्या, ते कुपोषितांच्या यादीत होते काय, यांपैकी काहीही येथील सेविकेला ठाऊक नसते. हंगाम संपून मूल परत गेले की येथील नोंदही येथेच राहते. वर्षातील पाचसहा महिने परमुलखात काढणाऱ्या या मुलांसाठी, त्यांच्या मागोमाग फिरणारी नोंद ही केवढी मोठी सोय आहे! वही ते करू शकत नाही. मोबाईल करू शकतो.

शिवाय सार्वजनिक पैशाने घेतलेली वस्तू प्रत्येकाने आपल्या मर्जीप्रमाणे परत करावयाची म्हटले, तर कोणतीही योजना उभी राहणार नाही, हा आक्षेपही खोटा नाही. नव्या साधनात सुरुवातीला दोष असतातच. ते वापरातूनच सापडतात आणि वापरातूनच दूर होतात. पहिल्याच ठेचेला जो माघारी फिरतो, त्याच्या हातून कोणतीच सुधारणा होत नाही.

हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. दोष वापरातून सापडतात हे खरे, परंतु सापडलेला दोष कोणीतरी ऐकून घ्यावा लागतो. सेविकांच्या तक्रारी पर्यवेक्षिकेपर्यंत जात, तेथून प्रकल्प कार्यालयापर्यंत जात आणि पुढे त्यांचे काय होते हे कळत नसे. उलट, मोबाईलवर काम केल्याबद्दल महिना ५०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता ठेवलेला होता. तेव्हा नोंद न झाल्याचा तोटा सेविकेला आणि नोंद न होण्याचे कारण मात्र तिच्या हाताबाहेरचे, अशी ही व्यवस्था होती. तक्रार ऐकली जात नाही, बिघाडाचा खर्च आपल्याला आणि बिघाडाचा ठपकाही आपल्यालाच, अशा स्थितीत यंत्र परत करणे ही तक्रारीचीच शेवटची पायरी ठरते.

ग्राहक कोण?

बाजारातील व्यवहारात हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे. १९३० च्या वस्तुविक्रय कायद्याप्रमाणे खरेदीदाराला माल तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे. मात्र वाजवी मुदतीत त्याने नकार कळविला नाही, तर माल त्याने स्वीकारला असे धरले जाते. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ मध्ये आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याखाली दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे वा पैसे परत करणे, असे आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो. या हक्कांसाठी महाराष्ट्राने मोठी चळवळ केली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, ते याच भूमीत रुजले. आज सांगलीच्या बाजारपेठेतून मिक्सर विकत घेणारी गृहिणीसुद्धा पावती जपून ठेवते आणि तो बिघडला तर दुकानदारासमोर जाऊन उभी राहते.

तीच गृहिणी सेविका म्हणून सरकारी संच हातात घेते, तेव्हा मात्र या हक्कांपैकी एकही तिच्यापाशी उरत नाही. पावती तिच्या नावावर नाही. हमी सरकारला दिलेली आहे. माल तपासून पाहण्याची वाजवी संधी ज्या अधिकाऱ्याला होती, त्याला तो वापरावयाचा नव्हता, आणि जिला वापरावयाचा होता तिला संधी नव्हती. कायद्याच्या दृष्टीने ग्राहक सरकार आहे, आणि सरकारला बिघाडाचा चटका बसत नाही. सदोष माल सरकारी योजनांत वर्षानुवर्षे खपतो, त्याचे मूळ या फटीत आहे.

या ठिकाणी कृष्णाकाठच्याच एका जुन्या उदाहरणाची आठवण होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा शेतकऱ्यांनी तो घेण्याचे नाकारले. लोखंडाने जमीन नासते, अशी त्यांची धारणा होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर महाराष्ट्रभर पोचला. शेतकऱ्यांची समजूत चुकीची होती. परंतु चुकीच्या समजुतीनेही नकार देण्याचा अधिकार त्यांच्यापाशी होता, आणि म्हणूनच कारखानदाराला त्यांच्या बांधावर जाऊन त्यांची खात्री पटवावी लागली. एखाद्या दरबाराने तो नांगर सक्तीने प्रत्येकाच्या गळ्यात मारला असता, तर कारखानदाराला शेतकऱ्याकडे फिरकण्याचे कारणच उरले नसते. सेविकांची तक्रार तर चुकीच्या समजुतीवर आधारलेलीही नव्हती. दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव तिच्या पाठीशी होता.

नकाराचा अधिकार नसला म्हणजे काय होते, याचे दारुण उदाहरण ब्रिटनने जगापुढे ठेवले आहे. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून आपल्या शाखाचालकांवर ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली बसविली. ती हिशेबात नसलेली तूट दाखवी. शाखाचालक तक्रारी करीत राहिले. यंत्र चुकत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. ती प्रणाली परत करण्याची मुभा त्यांना नव्हती. अनेकांनी पदरचे पैसे भरून तूट भागविली. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचा निष्कर्ष काढला आणि २०२४ मध्ये पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यंत्राच्या शब्दापुढे ते वापरणाऱ्या माणसाचा शब्द हलका धरला, तर साक्षर आणि सधन देशातसुद्धा हे घडते. मग कांदाटी खोऱ्यातील सेविकेची काय कथा!

परत कधी करावे?

तेव्हा परत करावे की नाही, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येणार नाही, मात्र त्याच्या कसोट्या सांगता येतील. संच मंद आहे, पडदा लहान आहे, बॅटरी लवकर उतरते, या गैरसोयी आहेत. त्या कळवाव्यात, त्यांच्यासाठी थोडे सोसावे आणि वापर चालू ठेवावा. परंतु यंत्रामुळे नोंदच खोटी होत असेल वा नाहीशी होत असेल, लेखी तक्रार करूनही वाजवी मुदतीत उत्तर मिळत नसेल आणि यंत्राशिवाय काम चालू ठेवण्याची दुसरी वाट हाताशी असेल, तर ते परत करणे उचित होय. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे. अवजार परत करताना काम परत करता कामा नये. २०२१ च्या आंदोलनाला नैतिक बळ मिळाले ते याच कारणाने. यंत्र गेले तरी वजनकाटा आणि वही अंगणवाडीतच राहिली.

चेहरा पडताळणीच्या बाबतीत ही कसोटी अधिक कठोरपणे लावावी लागेल. पूर्वी यंत्र बिघडले तर नोंद अडत असे. आता पडताळणी झाली नाही तर शिधाच अडण्याचा धोका आहे. उसाच्या फडात पहाटेच गेलेली आई चेहरा दाखवायला अंगणवाडीत कधी येणार? रेंज नसलेल्या वाडीत पडताळणीचा संदेश कोणत्या मोबाईलवर पोचणार? आधार नसल्याच्या कारणावरून कोणत्याही बालकाला लाभ नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. ज्या कारणासाठी आधारचा अडसर चालत नाही, त्याच कारणासाठी बंद पडलेल्या मोबाईलचा अडसरही चालता कामा नये.

या दृष्टीने शासनाला करता येण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. नवे यंत्र वा नवे ॲप राज्यभर देण्यापूर्वी ते एका डोंगरी, एका बागायती आणि एका दुष्काळी तालुक्यात सहा महिने चालवून पाहावे आणि खरेदीचा अंतिम निर्णय तेथील सेविकांच्या लेखी अभिप्रायानंतर घ्यावा. या कामासाठी महाबळेश्वर, वाळवे आणि जत यांच्याहून अधिक योग्य तालुके शोधावे लागणार नाहीत. दुरुस्तीचा खर्च आणि हमी यांची जबाबदारी खरेदीच्या करारातच पुरवठादारावर घालावी. बिघडलेला संच प्रकल्प कार्यालयात जमा करून त्याची पोच घेण्याचा सेविकेचा अधिकार नियमाने मान्य करावा. पोच मिळाल्यापासून दुसरा संच हाती येईपर्यंत वहीतील नोंद अधिकृत धरावी, आणि त्या काळात मानधन वा भत्ता कापू नये. शिध्याच्या बाबतीत, पडताळणी होवो वा न होवो, सेविकेच्या सहीने वाटप व्हावे.

अंगणवाडीच्या कामाला न्यायालयाची मान्यता नुकतीच कोठे मिळू लागली आहे. सेविका व मदतनीस १९७२ च्या कायद्याखाली उपदानास पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला, तो योजना सुरू होऊन सेहेचाळीस वर्षे उलटल्यावर. निवृत्तीच्या दिवशी ज्यांच्या सेवेची किंमत कायद्याने मान्य केली, त्यांच्या सेवेतील रोजच्या अनुभवाची किंमतही मान्य व्हावयास हवी. यंत्र चालते की नाही, हे सांगण्याचा अधिकार पुरवठादाराच्या प्रमाणपत्रापेक्षा ते हातात घेऊन पावसात उभ्या असलेल्या बाईला अधिक आहे. तिने ते परत आणून दिले, तर प्रकल्प कार्यालयातील अधिकाऱ्याने प्रथम पोच द्यावी आणि मग काय बिघडले ते विचारावे.